नित्यवेधांची परंपरा : कुलाब्याची नोंदवही आणि ॲस्ट्रोसॅट

बेलपाडा हे पनवेल तालुक्यातील, आज खारघर उपनगराच्या पोटात गेलेले, एक लहानसे गाव होय. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर हा मेट्रोमार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरील एका स्थानकास ह्या गावाचे नाव मिळाले. एरवी विज्ञानाच्या इतिहासात त्याचा उल्लेख येण्याचे काही कारण नव्हते. तथापि नकाशावर बेलपाडा हा मध्यबिंदू धरून शंभर किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ काढले, तर पश्चिम भारतातील वेधविद्येची बहुतेक सर्व महत्त्वाची स्थाने त्यात सामावतात. खाडीपलीकडे कुलाबा, त्याच्या दक्षिणेस अलिबाग, अगदी शेजारी, नवीन पनवेल येथे, भारतीय भूचुंबकत्व संस्था, आणि घाट चढून गेल्यावर पुणे. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्यास वेधशाळा स्थापिली. २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट ही भारताची पहिली बहुतरंगी अंतराळ वेधशाळा कक्षेत गेली आणि तिच्या पाच खगोलीय उपकरणांपैकी तिहींचा नित्य कारभार मुंबई व पुणे ह्या दोन नगरांतून चालू लागला. ह्या दोन टोकांमधील संबंध केवळ भौगोलिक नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विज्ञानाचा इतिहास लिहिताना लेखणी स्वभावतःच शोधाच्या क्षणाकडे वळते. ग्रहणाची मोहीम, नवा तारा, अनपेक्षित किरण ह्यांना कथानक असते. याउलट, दर तासाला एक आकडा वहीत उतरविणाऱ्या मनुष्याच्या कामास कथानक नसते. त्याचे आजचे पान कालच्या पानासारखेच दिसते. परंतु निरीक्षणशास्त्रांचा सारा डोलारा अशा पानांवरच उभा असतो, आणि ती पाने केव्हा बोलू लागतील हे ती लिहिणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, नित्यवेध टिकतात कशाने? निरीक्षकाच्या व्यक्तिगत निष्ठेने, की त्याच्यामागे उभ्या असलेल्या संस्थेच्या शिस्तीने?

कुलाब्याच्या वेधशाळेचा आरंभीचा उद्देश नौकानयनास वेळ पुरविण्याचा होता. चुंबकीय वेधांस १८४१ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतील ज्योतिषाचे अध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली, सुरुवात झाली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांचाही ह्या वेधशाळेच्या व्यवस्थेशी संबंध आला. येथे साहाय्यक म्हणून लागलेल्या एतद्देशीय तरुणांत अलिबागजवळील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) हे होते. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते ह्या कामावर रुजू झाले. पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ ह्या ग्रंथाचे कर्ते आणि टिळकांचे गुरू म्हणून त्यांची कीर्ती झाली. परंतु त्यांच्या गणिती शिस्तीचा पहिला पाठ कुलाब्याच्या वेधांनी दिला असला पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. टांगलेल्या चुंबकास जोडलेल्या आरशातून दूर ठेवलेल्या मोजपट्टीचे प्रतिबिंब दुर्बिणीने वाचावयाचे, आकडा लिहावयाचा आणि पुढच्या तासाची वाट पाहावयाची, असे हे काम होते. रात्र असो वा पावसाळा असो, त्यात खंड चालत नसे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्यास एका डागसमूहावर क्षणिक प्रखर उजेड दिसला. अठरा तासांच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ कोसळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली, व उष्ण कटिबंधाच्या जवळपासच्या प्रदेशांतूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याच्या वार्ता आल्या. कुलाब्यास त्या दिवशी जे कोणी पाळीवर होते, त्यांनी नियमाप्रमाणे वाचने घेतली. वादळ आहे हे ध्यानी येताच ती तासाऐवजी पंधरा-पंधरा, क्वचित पाच-पाच मिनिटांनी घेतली. क्षितिजसमांतर बल २ सप्टेंबरच्या दुपारपूर्वी एकाएकी घसरून पुन्हा वर आले, एवढी गोष्ट त्या पानांवर उतरली. तिचा अर्थ लावण्याची साधने तेव्हा कोणापाशीच नव्हती.

ही पाने जवळजवळ दीड शतक पडून राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना, शोभना अलेक्स व ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कुलाब्याच्या ह्या वाचनांवरून बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटल्याचे दाखविण्यात आले. कमी अक्षांशावरील इतकी पूर्ण नोंद दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी उपलब्ध नव्हती. पुढे अन्य संशोधकांनी आक्षेप घेतला की, हा क्षणिक नीचांक होय, आणि वादळांची तुलना ताशी सरासरीने करावयाची असल्यास आकडा बराच खाली, ९०० च्या आसपास, येतो. हा वाद अजून सर्वस्वी मिटलेला नाही. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वाद घालणारे दोन्ही पक्ष त्याच एका वहीचा आधार घेतात. आज वीजजाळी व उपग्रह ह्यांस सौर वादळापासून किती भय आहे ह्याचा अंदाज बांधताना कुलाब्याच्या त्या अनामिक लेखनिकाचे आकडे विचारात घ्यावे लागतात.

नित्यवेधांस शत्रू कोठून निर्माण होईल ह्याचा नेम नसतो. कुलाब्याच्या बाबतीत तो विजेच्या ट्रामगाडीच्या रूपाने आला. मुंबईत विजेवर ट्राम चालविण्याचे ठरताच तिच्या प्रवाहाने चुंबकीय वेध दूषित होतील हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंड वर्ज्य होते. दगड पोरबंदरचा व बिजागऱ्या-खिळे तांब्या-पितळेचे वापरण्यात आले. १९०४ मध्ये तेथे वेध सुरू झाले, आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या मालिकेशी नवी सांधून घेण्यात आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. म्हणजे संकट येण्यापूर्वीच सांधा पुरा झाला होता. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ ह्या कालखंडातील नोंदी चर्चेसह दोन भागांत छापून काढल्या. दोन वर्षांचे हे समांतर वेध म्हणजे वरवर पाहता दुप्पट खर्च व दुप्पट श्रम. परंतु ते घेतले नसते तर १८५९ चे पान आजच्या मापनाशी ताडून पाहणे अवघड झाले असते. १९७१ मध्ये ह्या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्य कार्यालय आज बेलपाड्यापासून काही किलोमीटरांवर आहे.

ह्याच काळातील पुण्याचे उदाहरण मात्र विरुद्ध दिशेचे आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून विज्ञान महाविद्यालयात स्थापिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी १८८८ पासून काम केले. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांनी नेलेली मोहीम प्रसिद्ध आहे. परंतु १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबरच वेधशाळाही बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. नेगमवालांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव होती ती त्यांच्यामागून वही हाती घेणाऱ्याची. कुलाबा व पुणे ह्यांच्या ह्या भिन्न गतीत वर विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

क्ष-किरणांनी आकाश पाहण्याचे शास्त्र १९६२ मध्ये, वृश्चिक राशीतील पहिल्या क्ष-किरण स्रोताच्या शोधाने, जन्मास आले. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेत असल्याने वेधकास भूमी सोडणे भाग होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे उडविण्याची विद्या होमी भाभांच्या काळापासून रुजलेली होती. तिचाच उपयोग पुढे क्ष-किरण दुर्बिणी वर नेण्यासाठी झाला. मात्र फुग्याचे उड्डाण काही तासांचे असते. ती मोहीमच होय, नित्यवेध नव्हे. १९७५ च्या एप्रिलमध्ये गेलेल्या आर्यभट्ट उपग्रहावर क्ष-किरण उपकरण होते, परंतु वीजपुरवठ्यातील दोषामुळे काही दिवसांतच प्रयोग थांबले. मार्च १९९६ मध्ये आयआरएस-पी३ ह्या उपग्रहावर टाटा संस्था व इस्रो ह्यांचे संयुक्त क्ष-किरण उपकरण गेले. त्याने हंसातील एक्स-१ व जीआरएस १९१५+१०५ ह्या कृष्णविवरांच्या चंचलतेचे वेध घेतले. त्या यशातून स्वतंत्र वेधशाळेची कल्पना निघाली. ती प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ दोन दशके लागली. ह्या विलंबाची कारणमीमांसा हा वेगळ्या निबंधाचा विषय होईल. प्रहरी नळ्या, सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे आणि निर्वातात टिकणारी इलेक्ट्रॉनिकी हे सर्व देशात घडवावयाचे होते, एवढे सांगणे येथे पुरे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ह्या वाहनाने सुमारे १,५१५ किलोग्रॅम वजनाचा ॲस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला. कक्षेचा कल विषुववृत्ताशी अवघा ६ अंश. ह्या लहानशा आकड्यामागे एक हिशेब आहे. दक्षिण अटलांटिकावर पृथ्वीचे चुंबकीय कवच क्षीण असल्याने तेथे भारित कणांचा मारा तीव्र असतो. कल कमी ठेवला की उपग्रह त्या प्रदेशाच्या केवळ कडेवरून जातो, आणि उपकरणे बंद ठेवण्याचा काळ घटतो. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांनी शंभर-दीडशे वर्षांत काढलेले नकाशे येथे खगोलज्ञांच्या उपयोगी पडले, हे सहज जाता जाता नमूद करावेसे वाटते. ह्याच कक्षेचा दुसरा परिणाम असा की, १९ अंश उत्तर अक्षांशावरील बेलपाड्याच्या माथ्यावरून ॲस्ट्रोसॅट कधीही जात नाही. तो दक्षिण क्षितिजापासून फार तर सोळा-सतरा अंश चढतो आणि मावळतो. असे दिवसातून अनेकदा घडते.

उपग्रहावर एकाच दिशेने रोखलेली चार उपकरणे आहेत. अतिनील दुर्बिणीची जोडी ३८ सेंटिमीटर व्यासाची असून ती बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने अन्य संस्था व कॅनडा ह्यांच्या सहकार्याने सिद्ध केली. मृदू क्ष-किरण दुर्बीण टाटा संस्थेची. तिचा शीत संवेदक इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाने दिला. मोठ्या क्षेत्रफळाचे तीन झेनॉन-भरित प्रमाणमापक, म्हणजे लॅक्सपीसी, हेही टाटा संस्थेचेच. त्यांची टिप एका सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापर्यंत जाते. चौथे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमायंत्र. त्यात ६४ पट्टिका व प्रत्येकीवर २५६ प्रमाणे १६,३८४ चौकटी असून, त्यांवर टँटॅलमची सांकेतिक जाळी आहे. त्याचा दैनंदिन कारभार पुण्याच्या आयुका संस्थेकडे आला. पाचवे उपकरण फिरत्या मंचावरून आकाशाची टेहळणी करते, आणि सहावे, कणमापक, हे खगोलीय वेध घेत नाही. बाहेर भारित कणांचा मारा वाढला की इतरांस सूचना देणे एवढेच त्याचे काम. पहारेकऱ्याचे हे काम दिसावयास क्षुल्लक, पण त्याच्या इशाऱ्यावाचून लॅक्सपीसीचा उच्च विद्युत्दाब सुरक्षित राहिला नसता.

ह्या वेधशाळेचा एक दिवस कसा जातो, हे पाहिल्याखेरीज तिचे स्वरूप ध्यानी यावयाचे नाही. कोणता तारा केव्हा पाहावयाचा हे वेधकाच्या इच्छेवर नसते. विद्यापीठांतून व संस्थांतून प्रस्ताव येतात. त्यांची शास्त्रीय व तांत्रिक अशी दुहेरी छाननी होते. मग वेळ मिळतो. पहिले सहा महिने उपकरणांच्या पारखेसाठी व पुढचे सहा ती बांधणाऱ्यांसाठी राखलेले होते. त्यानंतर दार प्रथम देशातील व मग परदेशातील वेधकांस खुले झाले. मान्य झालेल्या लक्ष्यांची जुळवाजुळव करणारास पंचांगकर्त्याइतकीच दक्षता बाळगावी लागते. सूर्य दुर्बिणीच्या अक्षापासून पुरेसा दूर हवा. उपग्रहाच्या गतीच्या दिशेस तोंड होता कामा नये, कारण त्या उंचीवरही विरळ असलेला आणवीय ऑक्सिजन आरशांवर आदळून त्यांची झिलई बिघडवितो. अतिनील दुर्बिणीच्या क्षेत्रात एखादा प्रखर तारा येत असेल तर संवेदक जळण्याचे भय. म्हणून प्रत्येक क्षेत्र आधीच तपासावे लागते, आणि वेधही कक्षेच्या रात्रीच्या भागातच घ्यावे लागतात. एका प्रदक्षिणेस सुमारे ९८ मिनिटे लागतात. त्यातला बराच वेळ पृथ्वीच लक्ष्याच्या आड येते. अशा तुकड्यातुकड्यांतून एक वेध पुरा होतो. दहा तासांचा वेध हाती यावयास कधी पुरा दिवस, कधी त्याहून अधिक काळ जातो.

आज्ञा बंगळूरहून जातात. उपग्रह तेथील आकाशात आला की साठवलेली सामग्री खाली उतरते, व बंगळूरजवळील ब्यालालू येथील केंद्रात प्राथमिक संस्कार होऊन त्या त्या उपकरणाच्या केंद्राकडे रवाना होते. तेथे खरे नित्यकर्म सुरू होते. आयुकातील केंद्राचे उदाहरण घ्यावे. विश्वकिरणाचा एक कण आदळला की अनेक चौकटी एकदम पेटल्यासारख्या होतात. त्या घटना वगळाव्या लागतात. काही चौकटी अकारण बडबडतात. त्यांची यादी करून त्या मूक कराव्या लागतात. तपमान, विद्युत्दाब, घड्याळाची चूक ह्यांचे आलेख पाहावे लागतात. मग दुसऱ्या पायरीची सामग्री तयार होते, जी वेधकास मिळते व ठराविक मुदतीनंतर सर्वांस खुली होते. कुलाब्याचा साहाय्यक चुंबकाची डळमळ थांबण्याची वाट पाहत असे. येथला तरुण संशोधक संगणकाच्या पडद्यावर तेच करतो. साधनांत अंतर आहे, वृत्तीत फारसे नाही.

ह्या नित्यकर्मातून काय निष्पन्न झाले, ते काही उदाहरणांनी स्पष्ट व्हावे.

पहिले उदाहरण पारखेच्या वेधाचे आहे. अतिनील दुर्बिणीची झाकणे ३० नोव्हेंबर २०१५ रोजी उघडली, आणि तिच्या मापनाची पारख करण्यासाठी एनजीसी १८८ हा वृद्ध तारकागुच्छ निवडण्यात आला. तो ध्रुवाजवळ असल्याने वर्षभर दिसतो, एवढेच त्याच्या निवडीचे प्रयोजन. परंतु त्या वेधांत एका ‘निळ्या मागाहून’ ताऱ्याचे, म्हणजे आपल्या समवयस्कांहून तरुण भासणाऱ्या ताऱ्याचे, अतिनील तेज अपेक्षेबाहेर निघाले, व अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचा उष्ण जोडीदार उघड केला. अशा ताऱ्यांचे तारुण्य जोडीदाराकडून ओढून घेतलेल्या द्रव्याचे असते, ह्या मतास त्यातून पुष्टी मिळाली. पारखेच्या पानावरच शोध लिहिलेला होता.

दुसरे उदाहरण अधिक विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण त्यात नित्यनोंदीचा एक विलक्षण गुण दिसतो. पुण्याहून चालविले जाणारे प्रतिमायंत्र शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेच्या किरणांस आडवे येत नाही. त्याच्या भिंती त्यांस पारदर्शक ठरतात. त्यामुळे दुर्बीण कोठेही रोखलेली असो, पृथ्वीने न झाकलेल्या आकाशात कोठेही गॅमा-किरणांचा स्फोट झाला तर त्याची खूण नोंदीत राहते. यंत्र सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, असा एक स्फोट त्याने टिपला. तेव्हापासून अशा स्फोटांसाठी नोंदी चाळणे हे नित्याचे काम झाले, आणि २०२२ पर्यंत सापडलेल्या स्फोटांची संख्या पाचशेपर्यंत पोहोचली.

४ जानेवारी २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींच्या अमेरिकी वेधशाळांनी दोन कृष्णविवरांचा मिलाप टिपला. त्या दिशेत शोध घेत असता हवाई बेटांवरील एका सर्वेक्षणास विझत चाललेला एक प्रकाशबिंदू सापडला. दोहोंचा संबंध असता तर ती फार मोठी घटना ठरली असती, कारण कृष्णविवरांच्या मिलापातून प्रकाश निघावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पुण्याच्या यंत्राची नोंद पाहता मिलापाच्या क्षणी काहीही आढळले नाही; मात्र सुमारे एकवीस तासांनंतर एक गॅमा-किरण स्फोट झालेला दिसला. विझता बिंदू हा त्या दुसऱ्याच स्फोटाचा मागमूस होता, हे वरुण भालेराव व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. एक आकर्षक निष्कर्ष रद्द झाला. येथे निर्णायक ठरलेली नोंद दुहेरी आहे : एका क्षणी काही तरी घडले ही, आणि दुसऱ्या क्षणी काही घडले नाही ही. ‘काही नाही’ हे लिहून ठेवण्याची सवय ज्या वेधशाळेस नाही, तिला अशी साक्ष देता येत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचा मिलाप झाला, त्या वेळी मात्र पृथ्वी आड असल्याने ॲस्ट्रोसॅटास काही दिसले नाही. परंतु तो भाग झाकलेला होता व म्हणूनच खूण उमटली नाही, ही माहितीही स्थाननिश्चितीच्या कामी आली.

तिसरे उदाहरण क्रॅब तेजोमेघातील स्पंदकाचे. क्ष-किरण खगोलशास्त्रात हा स्रोत मापदंडासारखा वापरला जातो, आणि यंत्राच्या पारखेसाठी त्याकडे वारंवार वळावे लागते. ह्या वारंवारतेचा लाभ घेऊन अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील संतोष वडवले, टाटा संस्थेचे ए. आर. राव व इतरांनी दीड वर्षांतील एकवीस वेध एकत्र केले. किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठी हे यंत्र मुळात घडविलेले नव्हते. तथापि एका चौकटीतून उडून शेजारच्या चौकटीत शिरणाऱ्या किरणांच्या दिशा मोजल्या, की ध्रुवणाचा अंदाज येतो. २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, स्पंदनांच्या मधल्या, शांत मानल्या जाणाऱ्या, काळातही ध्रुवण स्थिर नसून बदलते. त्या काळात केवळ तेजोमेघाचाच प्रकाश येतो अशी समजूत असल्याने हा बदल सिद्धांतकारांस अडचणीचा ठरला. त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण त्या वेळी कोणापाशी नव्हते.

गॅमा-किरण स्फोटांच्या ध्रुवणाचा इतिहास ह्याहून उद्बोधक आहे, कारण त्यात यंत्राने आपलेच पहिले मत सुधारले. पहिल्या वर्षातील अकरा ठळक स्फोटांवरून तन्मय चट्टोपाध्याय व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये काढलेला कल असा होता की, बहुतेक स्फोट तीव्रतेने ध्रुवित असावेत. ह्याचा अर्थ, स्फोटाच्या झोतात सुव्यवस्थित चुंबकीय क्षेत्र असावे. पुढे पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्या. दरम्यान गोंगाट ओळखण्याची रीत सुधारली होती, आणि आरंभी बाजूला ठेवलेल्या काही चौकटीही उपयोगात आणण्याजोग्या झाल्या होत्या. २०२२ मध्ये वीस स्फोटांची जी सूची निघाली तीत बहुसंख्य स्फोट अध्रुवित अथवा अल्पध्रुवित निघाले. तीव्र ध्रुवण थोड्याच स्फोटांत उरले. पहिला निष्कर्ष घाईचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाती तेवढीच सामग्री होती. दुसरा निष्कर्ष शक्य झाला तो कच्ची नोंद टाकून दिलेली नव्हती म्हणून. गोंगाट समजून काढून टाकलेल्या घटना मूळ स्वरूपात जपलेल्या नसत्या, तर नवी रीत जुन्या स्फोटांस लावता आली नसती.

चौथे उदाहरण धीराचे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अतिनील दुर्बिणीने एका सुपरिचित गहन क्षेत्राचा २८ तासांचा वेध घेतला. त्यात दूरच्या एका दीर्घिकेकडून, प्रकाशास ९.३ अब्ज वर्षे लागतील इतक्या अंतरावरून, हायड्रोजनचे आयनीभवन करू शकणारा तीव्र अतिनील प्रकाश निसटत असल्याची क्षीण खूण होती. आयुकातील कनक साहा यांच्या गटाने ती खूण खरी की भ्रामक हे पडताळण्यात दीर्घकाळ घालविला, आणि निष्कर्ष २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला. विश्वाच्या बाल्यात हायड्रोजन पुन्हा आयनीभूत कसा झाला, ह्या प्रश्नाशी त्याचा संबंध पोहोचतो. दुर्बीण अमेरिकेच्या हबलच्या तुलनेने लहान. परंतु तिच्या संवेदकाचा पार्श्वगोंगाट अत्यल्प असल्याने इतका क्षीण प्रकाश वेगळा काढता आला.

ह्या चित्राची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. २०१८ च्या मार्चमध्ये निकट-अतिनील वाहिनी बंद पडली व पुन्हा सुरू झाली नाही. दूर-अतिनील वाहिनीवरच पुढचे काम चालले. लॅक्सपीसीच्या तीन एककांपैकी एकातून वायू गळत होता, तेही त्याच सुमारास सेवेतून गेले, आणि दुसऱ्या एकाची संवेदनशीलता बिघडली. वेधकांस एकाच्याच आधारावर भिस्त ठेवावी लागली. एखाद्या स्रोताच्या दीर्घकालीन बदलाचा अभ्यास करणारास ह्या तारखा पाठ असाव्या लागतात, अन्यथा यंत्राचा बदल तो ताऱ्यास चिकटविण्याचा धोका असतो. अलिबाग व कुलाबा येथे दोन वर्षे समांतर वेध घेण्याची जी सोय मूस यांना होती, ती कक्षेतील यंत्रास नसते. येथे सांधा जोडण्यास क्रॅबसारख्या स्थिर स्रोतांचे पुनःपुन्हा घेतलेले वेधच उपयोगी पडतात. नव्या विद्यार्थ्यास कंटाळवाणे वाटणारे हे पारखेचे वेध वेळापत्रकातून कापण्याचा मोह प्रत्येक वेधशाळेत होतो. नवीन लक्ष्यांची रांग मोठी असते आणि वेळ मोजका.

ॲस्ट्रोसॅटचे आयुष्य पाच वर्षांचे कल्पिले होते. २०२५ च्या सप्टेंबरात त्याने दहा वर्षे पुरी केली. ह्या दशकात उपकरणे बांधणाऱ्या पिढीतील अनेक जण निवृत्त झाले व त्यांच्या जागी दुसरे आले. नेगमवालांच्या दुर्बिणीसारखी ही यंत्रे त्यांच्यामागे पोरकी झाली नाहीत. सामग्रीचा संग्रह २०१८ पासून सार्वजनिक झाल्याने, जो वेध एकाने कृष्णविवरासाठी मागितला, तोच दुसरा कोणी स्फोटाच्या शोधासाठी चाळू शकतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. त्यातील किती पाने अजून कोणी उलटलेली नाहीत, हा प्रश्न पुढील संशोधकांचा आहे. १८५९ च्या पानास वाचक मिळण्यास १४४ वर्षे लागली.